मिरगाच्या आधी डेटा वर चढवा

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच काळजीची आहेत. लग्नसराई संपत आली, डिस्का भरल्या, आता हा सगळा डेटा ठेवायचा कुठं? बेळगाव, खानापूर, निपाणी, सदलगा, संकेश्वर, सगळीकडून तेच. म्हणून आजचं सदर त्यालाच दिलंय. मी बेळगावच्या शहापुरात वडिलांचा स्टुडिओ चालवते, २७ वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करतेय. खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं हातचं गमावून शिकलेलं आहे.

अक्का, नमस्कार. खानापूर तालुक्यात १४ वर्षं लग्नं, जत्रा, वास्तुशांती अशा ऑर्डरी करतोय. बाहेरच्या सहा हार्ड डिस्का आहेत, मिळून ११ टेराबाइट डेटा. त्यातल्या एकीतून आठवडाभर टकटक आवाज येतोय. मित्र म्हणतो, सगळं गूगल फोटोजवर टाकून मोकळा हो. टाकू का? काय करावं कळेना झालंय.
– एक फोटोग्राफर, खानापूर

आधी ती टकटक करणारी डिस्क. तिची वायर काढा आणि परत लावू नका. आत चकतीवर माहिती वाचणारं एक बारीक डोकं असतं, ते जागा सापडेना म्हणून आपटतंय. तुम्ही दहा वेळा लावून बघाल, तर दहा वेळा ते चकतीवर ओरखडा काढू शकतं. तिच्यातला डेटा दुसरीकडे असेल तर ती डिस्क कायमची बाजूला ठेवा. नसेल, तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. जो माणूस चकत्या धूळमुक्त खोलीत उघडतो त्याच्याकडेच न्या, बाजारातल्या टेबलावर स्क्रू काढणाऱ्याकडे नको.

आता गूगल फोटोज. तिथले फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. ‘हाय क्वालिटी’ कितीही फुकट ही सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. पण माझा आक्षेप पैशांचा नाही. ‘स्टोरेज सेव्हर’ चालू असेल, तर फोटो दाबून लहान केला जातो, १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर तेवढ्यावर आणला जातो. म्हणजे तुम्ही रॉ पाठवली आणि परत आली ती दुसरीच वस्तू. रॉ म्हणजे सेन्सरवर पडलेल्या उजेडाची कच्ची नोंद. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये २५६. आपल्याकडच्या लग्नात या पायऱ्या फार लागतात. मांडवाचं कापड लाल-पिवळं, त्यातून गाळून आलेला उजेड नवरीच्या तोंडावर केशरी होऊन पडतो, शेजारी नवऱ्याचा काळा कोट. रॉ असेल तर तो केशरीपणा काढून तिचा खरा रंग परत आणता येतो. जेपेगमध्ये तोंड फिकट तरी होतं, नाहीतर मातकट. म्हणून गूगलवर ठेवायचंच असेल तर ‘ओरिजिनल’ प्रतीत ठेवा, किंवा फोटोजऐवजी ड्राइव्हमध्ये फाईल म्हणून ठेवा.

आणि ‘टाकून मोकळा हो’ हे मला सगळ्यात जास्त खटकलं. ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह यांचं मूळ काम सिंकचं. तुमच्या कॉम्प्युटरवर जे होतं, तेच वर होतं. असिस्टंटनं जागा करायला सिंकमधला फोल्डर उडवला की वरचाही उडाला. ड्राइव्हच्या कचराकुंडीत तो ३० दिवस राहतो, मग कायमचा जातो. लग्नाच्या सीझनमध्ये ३० दिवसांत जुना फोल्डर उघडून बघायला सवड कुणाला असते? बॅकअप त्याला म्हणायचं, जिथं इथली चूक तिथं पोचत नाही, किंवा पोचली तरी आधीची प्रत शाबूत राहते.

माझ्याबाबतीत काय झालं ते सांगते. २०१३ च्या फेब्रुवारीत तुमच्याच तालुक्यातलं एक लग्न केलं. दुसऱ्या दिवशी बेळगावात दुसरी ऑर्डर होती, म्हणून रात्री कार्डं एका डिस्कवर उतरवली आणि लगेच फॉरमॅट केली. अल्बम झाला, पार्टीला दिला, पैसे आले. पुढं ती डिस्क टेबलावरून पडली. फार उंचावरून नाही, गुडघ्याएवढ्या उंचीवरून. रिकव्हरीवाल्यानं चकती दाखवली, तिच्यावर गोल चरा पडलेला. तीन वर्षांनी त्या घरची आजी वारली आणि नातू माझ्याकडे आला. हळदीच्या दिवशी आजी जात्यावर बसून गात होती, तो फोटो मोठा करून हवा होता. त्याला म्हटलं, अल्बम घेऊन ये. अल्बमात तो फोटो तळहाताएवढा छापलेला, त्यावर नक्षीची किनार, आजीचा अर्धा हात किनारीखाली गेलेला. मी तोच स्कॅन करून दिला. घरच्यांनी भिंतीवर लावला, मला चहा पाजला, एका शब्दानं बोलले नाहीत. त्या आजीचा दुसरा एकही फोटो त्या घरात नव्हता, आधार कार्डावरचा सोडून. आपण डेटा डेटा म्हणतो तेव्हा ते हे असतं.

तेव्हापासून मी ३-२-१ पाळते. अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी ही रीत लोकांपर्यंत नेली. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. माझं असं चालतं: कॅमेऱ्यात दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रॉ पडते. घरी आल्यावर, कितीही उशीर झाला तरी, दोन डिस्कांवर उतरवते. विंडोजमध्ये नुसतं कॉपी-पेस्ट करत नाही, टेराकॉपी वापरते, कारण ते कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाईल ताडून बघतं. प्रत्येक फाईलचा आकड्यांमधला अंगठ्याचा ठसा काढतात म्हणा, एक बिट जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. तिसरी प्रत क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून घेतलेल्या भाड्याच्या जागेत. आणि वरची प्रत पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत कार्ड फॉरमॅट करत नाही. त्यासाठी जास्तीची आठ कार्डं घेतली. एका चांगल्या फ्लॅशच्या किमतीत बसली.

तुमचे ११ टेराबाइट एकदम वर पाठवायच्या मागं लागू नका. ५० एमबीपीएसच्या अपलोडनं अखंड पाठवलं तरी २० दिवस लागतात, आणि खानापुरात लाईट २० दिवस अखंड राहील अशी खात्री मी देणार नाही. ज्या ऑर्डरींची एकच प्रत आहे त्या आधी. मग गेल्या दोन वर्षांच्या. मग जिथं घरातली म्हातारी माणसं आहेत ती लग्नं, तुम्हाला ती आठवतील.

अक्का, निपाणीत माझा स्टुडिओ आहे. फायबर घेतलंय, प्लॅन १०० एमबीपीएसचा. तरी एका लग्नाचा डेटा वर जायला दोन-दोन दिवस लागतात. कॉम्प्युटर खराब आहे का?

कॉम्प्युटर नाही, बहुधा प्लॅनचा अर्धाच भाग तुम्हाला सांगितलाय. १०० हा खाली उतरवायचा वेग. वर चढवायचा वेग काही प्लॅनमध्ये तेवढाच असतो, काहींत फार कमी. फोन लावून ‘अपलोड किती?’ एवढंच विचारा.

हिशेब करून बघू. एका लग्नाच्या ४,००० फ्रेम, रॉ सरासरी ३० एमबीची, म्हणजे १२० जीबी. वेग बिटांत मोजतात, फाईल बाइटांत, म्हणून आठानं गुणायचं. अपलोड ५० असेल तर सव्वापाच तासांच्या आसपास काम होतं, रात्रीत संपलं. १० असेल तर जवळजवळ २७ तास. ५ असेल तर दोन दिवसांच्याही वर. तुमचे दोन दिवस म्हणजे तुम्हाला ५-६ मिळत असणार.

वेग वाढवता आला तर वाढवा. नाही आला तर माल कमी करा. ४,००० मधल्या डोळे मिटलेल्या, फ्लॅश न पेटलेल्या, एकाच जागी सात-सात दाबलेल्या फ्रेम आधी काढा. मी साधारण १,२०० ठेवते, म्हणजे ३६ जीबी. १० च्या वेगानंसुद्धा ते आठ तासांत वर जातं. कॅमेऱ्यात ‘लॉसलेस कम्प्रेस्ड’ रॉची सोय असेल तर ती लावा. फाईल लहान होते आणि माहिती जात नाही. ४,००० च्या ४,००० ठेवणं ही मेहनत वाटते, पण त्यातून नंतर कुणालाच काही सापडत नाही. निवड त्याच आठवड्यात केली तर कुठली आत्या कुठल्या फ्रेममध्ये नीट हसली ते डोक्यात ताजं असतं.

अपलोडर असा घ्या की लाईन तुटली तर जिथं थांबला तिथून पुढं सुरू होईल. ब्राउझरमध्ये फोल्डर ओढून टाकून झोपू नका. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर ठेवा. बऱ्याच ठिकाणी मी बघते, कॉम्प्युटर यूपीएसवर आणि राउटर भिंतीतल्या प्लगला.

आणि हे सगळं मिरगाच्या आधी. घर शाकारणारे मिरगाची वाट बघत बसत नाहीत. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर लाईट जाते, झाडं पडून केबल तुटते, मग आठ-आठ दिवस वाट बघावी लागते. आषाढात मुहूर्त नाहीत, सवड आहे, तेव्हा करू, असं मीही म्हणायचे. सवड असते, लाईन नसते.

जांबोटीजवळ राहतो, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. भीमगड परिसरात पक्षी, बेडूक, फुलपाखरांचे फोटो काढतो. घरी नेटवर्क नाही, बेळगावात कॉलेजला आलो की मोबाईलच्या डेटावर जमेल तेवढं पाठवतो. रॉ डीएनजी करून ठेवावी का? आणि एडिटिंगला लाइटरूम वापरतो, ते सॉफ्टवेअर दर आठवड्याला बॅकअप घेतं, तेवढं पुरेसं आहे ना?

शेवटापासून सांगते, कारण तिथं मोठा गैरसमज आहे आणि तो तुझ्या एकट्याचा नाही. लाइटरूम क्लासिक जो बॅकअप घेतं तो फक्त कॅटलॉगचा. कॅटलॉग म्हणजे कुठला फोटो कुठं आहे आणि त्यावर तू काय काय केलंस याची वही. फोटो त्यात नसतात. डिस्क गेली तर वही राहील, माल गेलेला असेल. म्हणून रॉ फाईल वेगळ्या जपायच्या आणि कॅटलॉगचा बॅकअपही त्याच डिस्कवर न ठेवता वर पाठवायचा. सेटिंगमध्ये एक्सएमपी आपोआप लिहायची सोय आहे, ती चालू कर. मग प्रत्येक रॉशेजारी एक छोटी फाईल तयार होते आणि तुझं एडिटिंग कॅटलॉगशिवायही टिकतं.

डीएनजी म्हणजे कुठल्याही कॅमेऱ्याची रॉ ठेवायचा एक सामायिक फाईल-प्रकार. त्याचं दोन बाजूंनी बघ. अडोबीनं २००४ मध्ये तो प्रकार आणला, त्याची रचना उघड आहे, पुढंही वाचता येईल असा भरवसा जास्त. पण डीएनजीत एडिटिंग फाईलच्या पोटातच लिहिलं जातं. म्हणजे तू नुसता उजेड थोडा वाढवलास तरी ३० एमबीची अख्खी फाईल बदलली, आणि बॅकअपवाला ती परत वर पाठवायला घेतो. तुझ्यासारख्याला, जो मोबाईलच्या डेटावर आहे, ते परवडणार नाही. कॅमेऱ्याची मूळ फाईल असेल, एनईएफ, सीआर३, एआरडब्ल्यू काहीही, तर ती कधीच बदलत नाही, शेजारची काही केबींची एक्सएमपी तेवढी बदलते. म्हणून तू मूळ रॉच ठेव. शिवाय वन्यजीव छायाचित्रणाच्या मोठ्या स्पर्धांत निवड जवळ आली की मूळ रॉ मागतात, फोटो खरा आहे हे बघायला.

मोबाईलवरून रॉ पाठवण्यात तुझे पैसे आणि वेळ दोन्ही जातायत. दोन छोट्या एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेल्या डिस्का, घे. एक घरी, एक बॅगेत. आठवड्याला एकदा बेळगावात ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडे बसून वर पाठव. माझ्या स्टुडिओत येऊन बसलास तरी चालेल. फक्त एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं वीज न देता ठेवायची नाही. तिच्यातली माहिती विजेच्या भारावर टिकते, तो हळूहळू गळतो. जुनं जपायला फिरत्या चकतीची डिस्क बरी. पावसाळ्यात तुमच्याकडे भिंतींनाही बुरशी येते, म्हणून डिस्का आणि लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या फाईलमध्ये जीपीएसची जागा नोंदली जात असेल तर मूळ रॉमध्ये ती राहू दे, अभ्यासाला लागते. पण कुणाला पाठवताना काढून टाक. भीमगडात बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. अशा जागांचा पत्ता फोटोबरोबर फिरू नये.

सदलग्याहून लिहितोय. २०१९ च्या पुरात दूधगंगेचं पाणी दुकानात छातीपर्यंत आलं होतं. दोन डिस्का तेव्हा वाळवून लावल्या, एक चालली, एक नाही. परत पाणी आलं तर काय करायचं?

त्या ऑगस्टमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा महामार्गावर आली होती आणि कोल्हापूरकडची वाट बंद होती. तेव्हा बेळगावात बसून तुमच्या भागातल्या मित्रांना फोन लावत होते ते आठवतंय.

भिजलेली डिस्क वाळवायची नाही. उन्हात नाही, तांदळात नाही, हेअर ड्रायरनं तर मुळीच नाही. वाळताना गाळ चकतीवर चिकटून बसतो. ओली आहे तशी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, वीज देऊ नका, तशीच रिकव्हरीवाल्याकडे पाठवा. तुमची एक चालली हे नशीब म्हणायचं.

पण खरं उत्तर पाणी यायच्या आधीचं आहे. तुमची दुसरी प्रत सदलग्यातच भावाच्या घरी असेल तर ती दुसरी जागा होत नाही, दोन्ही घरं एकाच नदीच्या काठावर. माझी एक डिस्क धारवाडला बहिणीकडे असते. तीन महिन्यांनी जाते तेव्हा अदलाबदल करते. शहापुरात पाणी तुंबलं किंवा स्टुडिओत शॉर्टसर्किट झालं तरी धारवाडला काही होत नाही. क्लाउडची गरज तुम्हा नदीकाठच्यांना आमच्यापेक्षा जास्त आहे.

मग घ्यायचं कुठलं क्लाउड? आणि पार्टीकडून त्याचे पैसे कसे मागायचे?
– तीन-चार पत्रांत आलेला प्रश्न

नावं घेऊन सांगते, दर मात्र घेताना स्वतः बघा.

थोडा डेटा असेल, दीड-दोन टेराबाइटपर्यंत, तर गूगलचा २ टेराबाइटचा प्लॅन सोपा, रुपयांत बिल येतं. फक्त वर सांगितलेली सिंकची गोष्ट ध्यानात ठेवा. त्याच्यावर काम करायचं नाही, नुसतं ठेवायचं.

बॅकब्लेझ या क्लाउड कंपनीचा घरगुती प्लॅन एका कॉम्प्युटरला कितीही डेटा घेतो, बाहेरच्या डिस्कांसकट. ऐकायला फार छान. पण नेहमीच्या सेटिंगमध्ये बाहेरची डिस्क ३० दिवसांतून एकदा तरी जोडावी लागते. कपाटात ठेवून विसरलात तर तिथली प्रतही काढली जाते. आपल्यातले बहुतेक जण डिस्क भरली की कपाटातच टाकतात, म्हणून हे मोठ्यानं सांगतेय. जास्त मुदतीची सेटिंग आहे, ती पहिल्याच दिवशी लावा. त्यांचीच बी२ नावाची दुसरी सेवा आहे, तिथं जेवढं ठेवाल तेवढ्याचे पैसे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो दर टेराबाइटला महिन्याला ६ डॉलर झाला. त्या दरानं चार टेराबाइटचे २४ डॉलर, महिन्याला दोन हजारांच्या थोडं वर.

अॅमेझॉनचं ग्लेशियर डीप आर्काइव्ह हे २०१९ पासूनचं थंड कोठार. ठेवायला फार स्वस्त, पण माल काढायला अर्ज दिल्यावर १२ तास, स्वस्तातल्या मार्गानं ४८ तासांपर्यंत, आणि काढायचे पैसे वेगळे. ते ठेवण्याच्या मानानं बरेच जास्त असतात. १८० दिवसांच्या आत काढून टाकलं तरी तेवढ्या दिवसांचं भाडं लागतं. दहा वर्षांपूर्वीच्या ऑर्डरींना हे योग्य. चालू वर्षाच्या अल्बमला मुळीच नाही.

बिलाचं बघा. परदेशी सेवांचे पैसे कार्डावरून आपोआप जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १५,००० रुपयांच्या वरच्या अशा वसुलीला दर वेळी ओटीपी लागतो. कार्ड बदललं, ओटीपी राहिला, बिल थकलं, की खातं बंद व्हायच्या वाटेवर. मी नूतनीकरणाची तारीख स्टुडिओतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहिते, मुहूर्तांच्या तारखांबरोबर.

पार्टीकडून पैसे मागायला संकोच करू नका. वर्षाला २५ ऑर्डरी धरल्या तर वरच्या हिशेबानं एका ऑर्डरीला हजाराच्या आसपास पडतात. मी कोटेशनमध्ये वेगळी ओळ लिहिते: ‘मूळ फाईल पाच वर्षं तीन ठिकाणी जपल्या जातील’. लोक विचारतात म्हणजे काय, मी जात्यावरच्या आजीची गोष्ट सांगते. आजवर एकाही घरानं ती ओळ खोडायला सांगितलेली नाही.

आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं वापरणं थांबवा, हात जोडून सांगते. अल्बम डिझाइनच्या फुकटच्या क्रॅकमधून खंडणीचा व्हायरस येतो, सगळ्या फाईलींना कुलूप लावतो आणि जोडलेल्या डिस्का, सिंक केलेलं क्लाउड, सगळीकडे पोचतो. म्हणून एक डिस्क कायम काढून ठेवलेली हवी आणि क्लाउडवर जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय चालू हवी.

वर पाठवलं म्हणजे जपलं, असं मी धरत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला कुठल्याही दहा रॉ खाली उतरवून सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघते. आणि खंडेनवमीला कॅमेरे, लेन्स, डिस्का पुसून हळदीकुंकू लावते, तेव्हा त्या वर्षातली एक अख्खी ऑर्डर क्लाउडवरून रिकाम्या डिस्कवर परत आणते. दोन वर्षांपूर्वी त्यात एक फोल्डर अर्धाच निघाला. तेव्हा घरच्या दोन्ही प्रती शाबूत होत्या, म्हणून अर्ध्या तासात दुरुस्त झालं.

टिळकवाडीत राहतो. तीन वर्षांपूर्वी केलेल्या लग्नाची पार्टी आता सगळ्या रॉ मागतेय. द्याव्या लागतात का? त्या माझ्या नाहीत का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचा. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. म्हणजे ‘फोटो माझे’ असं म्हणायला तुमच्याकडे कागद हवा. रॉ द्यायच्या की नाही, दिल्या तर किती पैशांत, किती वर्षं जपायच्या, हे ऑर्डर घेतानाच लिहून सही घ्या. तीन वर्षांपूर्वीचं लिहिलेलं नसेल तर भांडू नका. डिस्कचे आणि वेळेचे पैसे घ्या आणि द्या. त्यांच्या घरी आणखी एक प्रत गेली, तर ते आपल्याही फायद्याचंच आहे.

अक्का, माझे मालक फोटोग्राफर होते. गेल्या दिवाळीनंतर गेले. सगळे फोटो त्यांच्या गूगल खात्यात आहेत म्हणायचे. पासवर्ड मला माहीत नाही. त्यांचा मोबाईल कपाटात बंद ठेवलाय, रिचार्ज केलेला नाही. स्टुडिओचा कॉम्प्युटर विकायला काढलाय, एक गिऱ्हाईक आलंय. गावातली माणसं येऊन लग्नाचे फोटो मागतात, काय सांगू?
– संकेश्वर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाकीची पत्रं थांबली असती तरी चाललं असतं, तुमचं नाही, म्हणून संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन फोनही केलाय. तरी इथं लिहिते, कारण असं घर एकच नसणार.

पहिलं, त्या मोबाईलचं रिचार्ज. पासवर्ड नसला तरी ओटीपी त्या नंबरवर येतो. नंबर फार दिवस बंद राहिला तर कंपनी तो काढून दुसऱ्याला देते, मग वाट फार अवघड होते. मृत्यूचा दाखला आणि तुमचं ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जा, वारस म्हणून नंबर तुमच्या नावावर करून घ्या.

दुसरं, कॉम्प्युटर विकू नका. गिऱ्हाइकाला थांबायला सांगा. मालक रोज त्याच्यावर काम करायचे, म्हणजे त्यात त्यांचं खातं अजून उघडं असण्याची शक्यता आहे. कुणाला फॉरमॅट करायला, साफ करायला देऊ नका.

वारलेल्या माणसाच्या खात्यासाठी घरच्यांनी गूगलकडे अर्ज करायची सोय आहे. पासवर्ड ते देत नाहीत, पण कागदपत्रं बघून काही वेळा आतला माल देतात. खातं दोन वर्षं कुणीच वापरलं नाही तर ते काढून टाकायचं धोरण त्यांनी डिसेंबर २०२३ पासून लागू केलंय. तुमचं एक वर्षही झालेलं नाही. वेळ आहे, फार नाही. खातं उघडलं तर टेकआउट नावाची सोय वापरून सगळं बाहेर काढता येतं. ५० जीबीपर्यंतच्या तुकड्यांत ते देतात आणि उतरवून घ्यायची लिंक आठवडाभरच चालते, म्हणून मोठी डिस्क आणि चांगली लाईन आधी तयार हवी.

बाकी फोटोग्राफर भावांनो, गूगलमध्येच निष्क्रिय खात्याची एक सोय आहे. आपण ठरावीक महिने दिसलो नाही तर कुणाला कळवायचं आणि काय द्यायचं, ते आत्ताच लिहून ठेवता येतं. दहा मिनिटं लागतात. एन्क्रिप्शनची, म्हणजे फाईलींना लावलेल्या कुलपाची, चावी स्वतः ठरवली असेल तर ती कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि घरच्यांना सांगा. ती हरवली तर कंपनीलाही फाईल उघडता येत नाही.

ताई, येणाऱ्या माणसांना सांगा की फोटो शोधणं चालू आहे. नावं, लग्नाची तारीख आणि फोन नंबर एका वहीत लिहून घ्या. रविवारी सकाळी कॉम्प्युटर, मोबाईल आणि ती वही घेऊन शहापूरला या. बस स्टँडवर उतरलात की फोन करा, मुलगा न्यायला येईल. चार टेराबाइटच्या दोन रिकाम्या डिस्का मी काढून ठेवल्या आहेत.